पाळण्यातला वरवंटा

मी भित्रा माणूस आहे. हे आमच्या घरात कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही, आणि बाहेर सांगायची मला हिंमत होत नाही. कचेरीत साहेबाच्या बुटांचा आवाज आला की माझ्या टाकातून शाईचा ठिपका पडतो. घरी मांजर फळीवरून उडी मारतं तेव्हा आधी ओरडतो तो मी, मागाहून मांजर. पण ज्या वर्षाचं हे सांगतो आहे त्या वर्षीची भीती निराळ्या जातीची होती. ती पाडव्याला घरात शिरली आणि पितृपक्ष उलटेपर्यंत आमच्याबरोबर जेवायला बसत होती.

आमच्याकडे पाडव्याला गुढी उभी करून कडुलिंब चावून झाला की एक रीत असे. ती माझ्या सासुरवाडीची. कल्याणाहून लग्नात तांब्यापितळेबरोबर आली, आणि तांब्यापितळेपेक्षा जास्त टिकली. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं सर्वांसमोर सांगायचं, की येत्या वर्षात मी माझ्या हातानं घरासाठी अमुक एक वस्तू करीन. विकत आणायची नाही, कुणाकडून करवून घ्यायची नाही. मग माजघराच्या भिंतीवर पांढऱ्या मातीनं सारवलेल्या पट्ट्यावर गेरूनं प्रत्येकाचा एक वेल निघे. मुळाशी त्या वस्तूचं लहानसं चित्र. दर पुनवेला तिन्हीसांजेच्या आधी सगळ्यांनी भिंतीपुढे बसायचं. ज्याचं काम पुढे सरकलं त्याच्या वेलाला पान, ज्याचं अडलं त्याच्या वेलाला काटा. सबबी ऐकून घ्यायच्या, पण काटा काढायचाच.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको आणि माझी थोरली विधवा बहीण, जिला सगळे आक्का म्हणतात. एकुलती एक लेक कल्याणास दिलेली. बायकोचा वेल दर वर्षी नागवेलीसारखा फोफावे, आक्काचाही. माझा वेल म्हणजे निवडुंग. एका वर्षी मी बाज विणायला घेतली होती. ती वर्षअखेर पुरी झाली आणि पहिल्याच दिवशी माझा मेहुणा तिच्यावर बसला तो पलीकडे जमिनीवर निघाला. तेव्हापासून आक्का माझ्या हातच्या कुठल्याही वस्तूला ‘मेहुण्याची वाट’ म्हणते.

तर त्या पाडव्याला बायकोनं सांगितलं, जुन्या लुगड्यांची गोधडी. आक्कानं सांगितलं, देवाच्या वर्षभराच्या वाती. माझ्या आधी कुणीतरी सांगण्यासारखं सुचवावं म्हणून मी थांबलो; कुणी सुचवलं नाही.

“पाळणा,” मी म्हणालो.

मला वाटलं होतं, फार शहाणपणाचं बोललो. आमच्या घरचा जुना पाळणा नात्यागोत्यात फिरत फिरत कुठेतरी वाळवीच्या तोंडी गेला होता. घरात एक पाळणा असावा, एवढाच माझा विचार. पण बायकोचा हात गुळाच्या खड्यावर थांबला, आणि आक्का, जी देवापुढेही गप्प बसत नाही, ती गप्प बसली.

त्या दोघींना जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं. घरात पुरुषाला बातमी सगळ्यांच्या शेवटी कळते. कावळ्याला आधी कळते. लेकीला पुन्हा दिवस गेले होते. पुन्हा, म्हणजे दोन वर्षांपूर्वी एकदा गेले होते. तेव्हा पहिलं बाळंतपण असूनही सासरी कल्याणासच झालं, कारण तिला अवेळीच कळा आल्या. मूल जन्मलं ते रडलंच नाही. मुलगा होता. तो कुणी तिला पाहू दिला नाही. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि लेक भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्यानंतर तिच्यासमोर कुणी ‘बाळ’ हा शब्द काढत नसे. आणि मी, तिचा बाप, सणाच्या दिवशी गुढीपुढे बसून पाळणा म्हणालो.

“यांना देव्हारा म्हणायचं आहे,” बायको घाईनं म्हणाली.

“अगं, पण काढलं की मी,” आक्का म्हणाली. तिच्या हातात गेरूची काडी होती, आणि भिंतीवर माझ्या वेलाच्या मुळाशी पाळण्याचं चित्र निघून चुकलं होतं. चार साखळ्या आणि खाली चौकट.

पाडव्याचं चित्र पुसत नाहीत. बायकोनं काडी घेतली आणि साखळ्या जिथे मिळत होत्या तिथे वर एक कळस काढला. “झाला देव्हारा,” ती म्हणाली. दुपारी मला परसात गाठून तिनं खरी बातमी सांगितली आणि वर बजावलं, “इकडून जीभ जरा दाव्याला बांधून ठेवावी.”

मी म्हणालो, “मग मी दुसरं काही करतो.”

“आता दुसरं नको. बोललेलं मोडलं तर तेही वाईट. करा पाळणाच. पण तुकडेच करा, जोडू नका. जोडला की तो पाळणा झाला. आणि पाळणा झाला की तो रिकामा झाला.”

मूल येण्याआधी त्याचं काही मांडून ठेवू नये, आणि रिकामा पाळणा हलवू नये, नाहीतर तो रिकामाच राहतो. हे मलाही लहानपणापासून ठाऊक. कचेरीत माझ्या शेजारी बसणारे नव्या विद्येचे एक गृहस्थ अशा समजुतींना हसत असत. मीही त्यांच्याबरोबर हसत असे. कचेरीत हसायला काही लागत नाही. तिथे आपली लेक नसते.

लाकूड शिवणीचं हवं होतं. ते हलकं असतं आणि तडकत नाही. शहाडला नदीकाठी लाकडाची वखार होती आणि माझ्या व्याह्यांची तिथे ओळख. मी त्यांना लिहिलं, देव्हाऱ्यासाठी शिवणीच्या चार फळ्या हव्यात. व्याही मोठे भाविक. त्यांनी पैसे घेतलेच नाहीत. फळ्यांची पूजा करून, त्यांना हळदकुंकू लावून, खाडीतून येणाऱ्या पडावात घालून ठाण्याच्या बंदरावर पाठवून दिल्या. त्या कुंकवाच्या फळ्या हमालाच्या डोक्यावरून नौपाड्यात आमच्या घरापर्यंत आणताना मला घाम फुटला. हमालाला नाही, मला. देवाच्या नावानं आलेलं लाकूड मी कशाला लावणार होतो? आक्काला विचारलं तर ती म्हणाली, “अरे, मूल म्हणजे देवच. पण तू मात्र सुतार नाहीस, तेवढं देवाला आधी सांगून ठेव.”

मी परसातल्या पडवीत बैठक मारली. करवत, रंधा, पटाशी, सगळी जुनी हत्यारं बाजारातून आणली. तेव्हा नौपाड्यात घरं विरळ आणि मधे भाताची शेतं; रंध्याचा आवाज लांबवर जाई. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणायच्या, “काय हो, कचेरीनं काढून टाकलं वाटतं?” बायको म्हणायची, “देव्हारा करताहेत.” “अगबाई! केवढा देव आहे तुमचा?” कारण फळी पाळण्याच्या मापाची होती.

पण खरं सांगतो, त्या वर्षी माझ्या वेलाला पानं येऊ लागली. वैशाखात एक, ज्येष्ठात एक. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला केल्या. एक अक्षर माझं नव्हतं. इथे रंधा मारला की माझ्या हातातून माझीच लाकडाची साल गोल वळून पडत होती. अंगठा दोनदा कापला, तरी पुनवेला भिंतीपुढे मी ताठ बसत असे. बायको गेरूनं पान काढी आणि हळूच विचारी, “जोडलं नाही ना?”

“नाही.”

“शपथ?”

“अगं, नाही म्हटलं ना.”

सातव्या महिन्यात लेक माहेरी आली. आगगाडीनं आणावी की बैलगाडीनं, यावर दोन्ही घरांत आठवडाभर पत्रं चालली. बैलगाडीत हिसके, आगगाडीत धूर. शेवटी आगगाडीनं आणली, आणि मी स्टेशनात तिला उतरवताना असा धरला तिचा हात, की तीच म्हणाली, “बाबा, मी पडत नाहीये. तुम्हीच पडाल.”

ती फार हसत नसे. माजघरात आली की तिची नजर भिंतीवर जाई, कळस घातलेल्या त्या चित्रावर. लहानपणी ती याच भिंतीपुढे बसून माझे काटे काढत असे. तिला चित्र वाचता येत होतं. पण पडवीत मी झाकून ठेवलेल्या तुकड्यांकडे एकदाही गेली नाही.

आम्ही सगळेच दबक्या पावलांनी वावरत होतो. तिला शिंक आली तरी बायको जप सोडून धावे. तिच्या पायावर सूज दिसली की मी कचेरीत नकला चुकवी. आक्का रोज सकाळी तिला विचारी, “हललं का?” आणि ती “हो” म्हणेपर्यंत आम्ही दोघं हातातलं काम थांबवत असू. ते “हो” म्हणजे आमच्या दिवसाची भाकरी होती.

मग भाद्रपद आला. गौरी बसल्या. त्या दुपारी बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली. आक्काला हळदीकुंकवाचं बोलावणं कोण देणार. ती देवळात पुराण ऐकायला गेली. लेक आतल्या खोलीत निजली होती. कचेरीला सुट्टी होती, आणि मी पडवीत, माझ्या पुढ्यात सगळे तुकडे तयार. घासून गुळगुळीत, तेल लावून. करायला काहीच उरलं नव्हतं.

माणसानं करायला काही उरलं नसताना बसू नये.

मला एकच शंका छळत होती. खुंट भोकात बसतील का? ऐन वेळी बसले नाहीत तर बाळ कुठे घालायचं? एक कोपरा लावून पाहू. एक कोपरा म्हणजे काही पाळणा नव्हे. बसला, अगदी चपखल. मग दुसरा. दुसरा बसला म्हणून तिसरा. चौथा लावायचा नाही असं ठरवून मी चौथा लावला. मग वाटलं, टांगल्यावर तिरका लोंबला तर? माजघरात तुळईला जुन्या कड्या होत्याच. मी तो नेला, साखळ्या अडकवल्या, मागे सरून पाहिला.

सरळ होता. माझ्या हातची एक वस्तू पृथ्वीवर सरळ लोंबत होती.

मग मी हात लावला. लावला म्हणजे लोटला. तो गेला आणि आला. कड्या बारीक आवाज करत होत्या, कुर्र, कुर्र. मी अजून एकदा लोटला. मला वाटतं मी गुणगुणतही होतो.

“बाबा.”

लेक आतल्या दारात उभी होती. एक हात चौकटीवर, एक पोटावर. चेहरा असा, की कल्याणास मी तिला भिंतीकडे तोंड करून निजलेली पाहिली होती, तो तेव्हाचा मला न दिसलेला चेहरा हाच असावा.

“बाबा, थांबवा तो.”

मी थांबवायला गेलो तर घाईत माझाच धक्का लागला आणि तो अधिकच हलला. दोन्ही हातांनी धरला तेव्हा कुठे थांबला. आम्ही दोघं उभे. तेवढ्यात ओटीवर बायकोची पावलं वाजली, हातात हळदीकुंकवाची ओटी. तिनं पाळण्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

“हलवला?” तिनं विचारलं.

“हो,” लेक म्हणाली.

बायको ओरडेल म्हणून मी मान खाली घातली होती. ती ओरडली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. धुतलेला, अजून निथळत होता. तिनं तो पदरानं पुसला, गोधडीसाठी ठेवलेल्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात तान्ह्याला गुंडाळतात तसा गुंडाळला, त्याला कुंकू लावलं आणि पाळण्यात निजवला. बारशाला वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवतात, ते तिला त्या क्षणी कसं आठवलं कोण जाणे.

“आता रिकामा नाही,” ती म्हणाली.

“मग आता काढून ठेवू का पाळणा?” मी विचारलं.

“खबरदार! काढला तर रिकामा केल्यासारखं होईल. खरं माणूस येईपर्यंत हा इथंच राहील, आणि वरवंटा आत राहील. आणि हलवायचा. न हलता पाळणा राहतो का? ज्यानं हलवला त्यानंच हलवावा.”

त्या संध्याकाळी आक्कानं नेहमीप्रमाणे विचारलं, “हललं का गं?” आणि लेकीनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, “दुपारपासून नाही.”

मला त्यानंतरचं नीट आठवत नाही. पगडी न घालता मी खाडीकडच्या कोळीवाड्यात पोहोचलो होतो एवढं आठवतं, कारण वाटेत लोक माझ्या डोक्याकडे पाहत होते. सुईण म्हातारी कोळीण होती. तिच्या हातून अर्धं ठाणं जन्मलं होतं. मला धापा टाकताना पाहून ती म्हणाली, “तुलाच कळा येतान का रं?” आणि निघाली.

तिनं लेकीच्या पोटावर हात ठेवला, कान लावला, बराच वेळ. मग तिनं बाजूनं हलकेच दाबलं, गूळ-पाणी प्यायला लावलं आणि परत हात ठेवला.

“निजलंय गो बाय,” ती म्हणाली. “दुपारचा बाप निजतो, आज्या निजतो, त्यानी काय पाप केलं?” आणि तेवढ्यात तिच्या हाताखालून पोट उचललं गेलं, मीसुद्धा दारातून पाहिलं. लेक रडायला लागली. मी पडवीत गेलो आणि रंध्याच्या साली गोळा करू लागलो. एवढ्या साली होत्या की बराच वेळ गेला.

जाताना सुईण माजघरात थबकली. पाळण्यात डोकावून म्हणाली, “ह्यो कोन?”

“वरवंटा,” आक्का म्हणाली.

“आज्यावर गेलाय,” सुईण म्हणाली. पण हसली नाही. वाकून त्याच्यावरून बोटं मोडली.

आठवड्याभरानं पुनव आली. आम्ही भिंतीपुढे बसलो. बायकोच्या गोधडीला पान, आक्काच्या वातींना पान. माझ्या वेलाशी काडी थांबली. पाळणा पुरा झाला होता, म्हणून पान. जोडायचा नव्हता तो जोडला, म्हणून काटा. बायकोनं पुष्कळ विचार केला आणि नुसता देठ काढून सोडून दिला. “हा महिना अजून ठरला नाही,” ती म्हणाली.

मग वरवंट्याचं राज्य सुरू झालं. कचेरीत जाण्याआधी मी त्याला झोके द्यायचो, परतलो की झोके द्यायचो. पगडी घालून मी दगडाला जोजवतो आहे, हे कचेरीतल्या नव्या विद्येच्या गृहस्थांनी पाहिलं असतं तर माझी सुटका कशी झाली असती ठाऊक नाही. घरात वाटण बंद. चटणी बंद. अगदीच अडलं तर आक्का शेजारून वरवंटा मागून आणी आणि शेजारच्या बाई विचारत, “तुमचा कुठं गेला?”

“निजलाय,” आक्का सांगे.

पण घरात हसणं वरवरचं होतं. पुनव झाली तसा पितृपक्ष लागला, आणि बायकांच्या कुजबुजीत एकच, की तेवढे दिवस निघून जावेत. आक्का म्हणाली, “या दिवसांत गेलेले सगळे दारी येतात. मोठे येतात, तसे धाकटेही येत असतील.” बायकोनं तिला डोळ्यांनी दटावलं. मी ऐकून ठेवलं, आणि ऐकलेलं मला सोडवेना.

एका सकाळी मी पूजेची फुलं घेऊन परसातून आत येत होतो. माजघरातून कड्यांचा आवाज येत होता, कुर्र, कुर्र. आणि लेकीचा आवाज. ती पाळण्याशी बसली होती, दोरी हातात. वरवंट्यावरचं लुगडं नीट करत होती. आणि त्याच्याशी बोलत होती, अगदी साधं, आपण रोजचं बोलतो तसं.

“तुला तेव्हा पाळणा मिळाला नव्हता,” ती म्हणत होती. “कुणी आणलाच नव्हता. आता आजोबांनी केलाय. नीज.”

माझ्या हातातली फुलं सांडली. मी तिथून परत परसात गेलो. आजवर मला बाळाची भीती होती, लेकीच्या जिवाची भीती होती. आता ही तिसरी. हिचं मन या दगडात गुंतलं आणि उद्या खरं मूल आलं, किंवा न आलं, तर? मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “बोलू दे.”

“अगं, पण हे बरं नव्हे. काढून टाकू या तो वरवंटा.”

“दोन वर्षं ती कुणाशी बोलली नाही. मी आई तिची, माझ्याशी नाही बोलली. आज बोलते आहे तर तुम्ही दगड काढून घेणार?” मग देठं बाजूला सारत म्हणाली, “भीती मलाही वाटते. पण इकडच्यासारखी ती घेऊन मला हिंडता येत नाही. स्वयंपाक करायचा असतो.”

कळा आल्या त्या पितृपक्षातच, सर्वपित्रीला दोन दिवस राहिले असताना, सकाळी. मी पुन्हा कोळीवाड्यात गेलो, या वेळी पगडी होती. मग खोलीचं दार लागलं आणि मी माजघरात एकटा उरलो. आक्का पाणी तापवत होती. तिनं मला हाकललं. “बस तिथं. पाळणा हलव. नाहीतर दुसरं काही करून ठेवशील.”

मी पाळणा हलवत बसलो. दुपार झाली. आतून लेकीचा आवाज येई आणि मधे मधे येत नसे, आणि न येणं हे येण्याहून वाईट. ज्या गोष्टींना मी कचेरीत हसलो होतो त्या सगळ्यांची मी एकेक करून क्षमा मागितली. शिवणीच्या झाडाची मागितली. व्याह्यांची मागितली. मग मागायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी वरवंट्याशी बोललो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याला म्हणालो, “तू थोरला आहेस. धाकट्याला येऊ दे.”

उन्हं कलली तेव्हा आत एकाएकी सगळं थांबलं. लेकीचा आवाज थांबला. सुईण काहीतरी भरभर बोलत होती. कुणी रडत नव्हतं. मोठं नाही, लहान नाही. मला वाटलं, झालं. तेच परत. माझा हात पाळण्याच्या दोरीवर होता आणि तो हलायचा थांबला. मग मला एकदम वाटलं की पाळणा थांबता कामा नये, आणि मी त्याला असा झोका दिला की वरवंटा एका कठड्यावर जाऊन धाडकन आदळला.

आतून रडणं उठलं. बारीक, फाटकं, रागावलेलं.

“आवाज कसला तो?” बायको दार उघडून म्हणाली. तिच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. “दचकलं ना पोर!”

सुईण आजही सांगत असेल की तिनं त्याच्या पाठीवर चापट मारली म्हणून ते रडलं. तिचंच खरं. मी वाद घालत नाही.

नात होती. बाराव्या दिवशी बारसं झालं. बायकोनं वरवंटा आधी काढू दिला नाही. एका बाजूनं बाळ ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं त्याच वेळी वरवंटा उचलायचा, म्हणजे पाळणा क्षणभरही रिकामा नको. वरवंटा उचलायला लेकीनंच हात पुढे केला. तिनं तो घेतला, आणि बाकीच्या बायका गाणं म्हणत असताना तो मांडीवर घेऊन बसली. नंतर तो बाळाच्या पायथ्याशी राहिला.

पुढच्या पुनवेला बायको म्हणाली, “आता तो देठ भरा.” मी नको म्हणालो. पान काढलं आणि काही झालं तर? तो देठ तसाच राहिला, पुढच्या पाडव्याला पट्टा सारवेपर्यंत. माझ्या सगळ्या वेलांत त्या एका जागी ना पान, ना काटा.

तिसऱ्या महिन्यात व्याही लेकीला न्यायला आले. माजघरात पाळणा पाहून थांबले. लाकडावरून हात फिरवला. शिवण त्यांनी ओळखली.

“हा का तुमचा देव्हारा?”

आक्का म्हणाली, “हो. देव आत निजलेत, हळू बोला.”

ते हसले, आणि मला पहिल्यांदा त्या फळ्यांची भीती वाटेनाशी झाली. पाळणा कल्याणास द्यायचा हे ठरलेलंच होतं. मी खुंट काढले, तुकडे बांधले. बांधता बांधता, बायकोनं पाट्यावर परत नेऊन ठेवलेला वरवंटा लेक स्वयंपाकघरातून घेऊन आली आणि त्याच गाठोड्यात ठेवू लागली.

“अगं, तो कुठे नेतेस?” बायको म्हणाली. “पाट्याला नको का माझ्या?”

“भावंडांची ताटातूट करतात का, आई?” ती म्हणाली. हसत म्हणाली, पण हात गाठीवरून काढला नाही.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी गाठ आवळायला घेतली. गाठ मात्र पक्की मारता येते मला, कचेरीत दप्तरं बांधून बांधून.

दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा वरवंटा आणला. तो आमच्या पाट्यावर कधी नीट बसला नाही. जुन्यानं पाट्याला जी खोल जागा करून ठेवली आहे तिच्यात हा डगमगतो. त्यामुळे आमच्याकडची चटणी तेव्हापासून भरडच. पाहुण्यांच्या दाताखाली खोबरं आलं की आक्का त्यांना सांगते, यानं एकदा एक वस्तू धड केली, तिची ही किंमत. मी कल्याणास जातो तेव्हा नात अंगावर उड्या मारते. पाळणा कधीच उतरवून ठेवला आहे. वरवंटा त्यांच्या देवघराच्या कोनाड्यात असतो, लुगड्याच्या त्याच तुकड्यात. त्यांच्या घरातल्या झोपाळ्याच्या कड्या वाजल्या, कुर्र, कुर्र, की मी बोलता बोलता थांबतो आणि झोपाळ्यावर कुणी बसलं आहे ना, हे वळून पाहतो.